हाँगकाँगच्या मुलांनी अडवलेला विषय

२०११ च्या मे महिन्यात हाँगकाँगच्या शिक्षण खात्याने एका नव्या शालेय विषयाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. विषयाचं नाव होतं 'नैतिक आणि राष्ट्रीय शिक्षण'. पहिलीपासून शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत सगळ्यांनी तो शिकायचा होता. अशा मसुद्यांचं पुढे काय होतं हे सगळीकडच्या लोकांना माहीत असतं. शिक्षकांची संघटना निवेदन देते, वर्तमानपत्रात एखादा अग्रलेख येतो, मुदत संपते आणि खातं आपल्या मनात होतं तेच करतं. इथेही तसंच झालं असतं. पण ज्यांना तो विषय शिकायचा होता, त्यांच्यातल्याच काही मुलांनी मसुदा मिळवून वाचला.

वाचताना त्यांची नजर अडकली ती मूल्यमापनाच्या भागावर. मुलाला देशाबद्दल किती माहिती आहे एवढंच तपासून खातं थांबणार नव्हतं. राष्ट्रध्वज चढताना, राष्ट्रगीत वाजताना मुलाला काय वाटतं, देशाच्या यशाने त्याचा ऊर भरून येतो का, याचीही नोंद व्हायची होती. काही नोंदी शिक्षकांनी करायच्या, काही सोबत्यांनी, काही मुलाने स्वतःच. इतिहासाच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर मूल पुन्हा अभ्यास करू शकतं. वाटण्याचा अभ्यास कसा करायचा? त्या वयाच्या मुलांनी यातला धोका मोठ्यांच्या आधी ओळखला याचं मला आश्चर्य वाटत नाही. परीक्षेला रोज सामोरं जाणाऱ्याला परीक्षकाचा हेतू लवकर कळतो. ज्या गोष्टीला गुण आहेत ती गोष्ट वहीत लिहून दाखवायची, मनात असो वा नसो, हे कोणत्याही शाळकरी मुलाला सांगावं लागत नाही. म्हणजे हा विषय मुलांना खोटं बोलायला शिकवणार होता, तेही देशाच्या नावाने.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असं मात्र नाही. दीडशे वर्षं ब्रिटिशांच्या ताब्यात राहिलेलं हे शहर १ जुलै १९९७ ला चीनकडे परत गेलं. वसाहतीच्या काळात शाळांमधून आधुनिक चीनबद्दल फार बोललं जात नसे, आणि ज्या देशात आपण राहतो त्याची ओळख मुलांना शाळेने करून द्यावी, ही अपेक्षा कोणत्याही सरकारची असते. 'एक देश, दोन व्यवस्था' या सूत्रानुसार शहराचे कायदे, न्यायालयं, वर्तमानपत्रं आणि शाळा पन्नास वर्षं आहेत तशा राहणार होत्या. पण लोकांची मनं दुसऱ्या व्यवस्थेतच रमलेली आहेत, ही बीजिंगची चिंता वाढत होती. २००३ च्या १ जुलैला राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध सुमारे पाच लाख लोक रस्त्यावर आले आणि तो कायदा बारगळला, तेव्हापासून ही चिंता फार वाढली. २००४ पासून संध्याकाळच्या बातम्यांआधी दूरचित्रवाणीवर राष्ट्रगीताची चित्रफीत सुरू झाली. २००७ मध्ये हस्तांतराच्या दहाव्या वर्धापनदिनाला आलेले चीनचे अध्यक्ष हू चिंताओ यांनी हाँगकाँगच्या तरुणांना राष्ट्रीय शिक्षण देण्यावर भर द्या, असं जाहीर भाषणात सांगितलं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये शहराचे तेव्हाचे प्रमुख, म्हणजे मुख्य कार्यकारी, डोनाल्ड त्सांग यांनी नव्या विषयाची घोषणा केली.

हे सगळं ज्या शहरात घडत होतं तिथल्या असंख्य घरांचा इतिहास मुळात पळून येण्याचा आहे. कुणाचे आजोबा १९४९ च्या सत्तांतरात सीमा ओलांडून आले, कुणाची आजी साठच्या दशकातल्या दुष्काळात, कुणी सांस्कृतिक क्रांतीच्या धुमश्चक्रीत. दर वर्षी ४ जूनला व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन बसत आणि १९८९ साली तियानानमेन चौकात मारल्या गेलेल्यांची नावं काढत. चीनच्या भूमीवर हे उघडपणे करता येईल अशी जागा तेव्हा जवळपास हीच होती. नव्या विषयात या प्रकरणांना जागा मिळत नाही, हा टीकाकारांचा मोठा आक्षेप होता. घरात आजी जे सांगते ते शाळेतल्या पुस्तकात नाही, आणि पुस्तकातलं वाचून अभिमान वाटला पाहिजे, अशा कात्रीत मूल सापडणार होतं.

२९ मे २०११ ला काही शाळकरी मुलांनी एक संघटना काढली. इंग्रजीत तिचं नाव 'स्कॉलरिझम'. काढणाऱ्यांत जोशुआ वाँग हा चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याच्याहून थोडा मोठा आयव्हन लाम हे दोघे पुढे होते. जोशुआ ख्रिस्ती कुटुंबातला, लहानपणी वाचन-लेखनात अडखळणारा, चष्मा लावणारा, बारकेला मुलगा. पुढे अॅग्नेस चाऊ ही त्याच्याच वयाची मुलगी संघटनेची प्रवक्ती झाली. संघटना म्हणजे तरी काय, शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेला एक टेबल, एक फलक, पत्रकांचा गठ्ठा, सह्यांचे कागद आणि हातात ध्वनिवर्धक. पत्रकात मसुद्यातली वाक्यं आणि त्यावरचे आक्षेप. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ही मुलं समजावून सांगत. बहुतेक लोक थांबत नसत.

पहिलं वर्षभर हे असंच चाललं. या वर्षाला माझ्या मते फार महत्त्व आहे, आणि या आंदोलनाच्या गोष्टी सांगताना ते नेमकं गाळलं जातं. कॅमेरे आले ते पुढच्या उन्हाळ्यात. तोपर्यंत या मुलांना मसुदा जवळजवळ पाठ झाला होता. पत्रकाराने विचारलेल्या प्रश्नाला जोशुआने न थांबता, न अडखळता, धाडधाड उत्तर दिलं त्याची चित्रफीत २०१२ मध्ये घरोघरी पाहिली गेली. लोकांना त्याच्या वेगाचं कौतुक वाटलं. वेगाच्या मागे नुसतं पाठांतर नव्हतं, रस्त्यावर शेकडो वेळा केलेला युक्तिवाद होता.

दरम्यान खात्याने लोकांच्या सूचना ऐकून एक पाऊल मागे घेतलं होतं. एप्रिल २०१२ च्या अखेरीस आलेल्या अंतिम आराखड्यात शाळांना तीन वर्षांची सवलत होती. सप्टेंबर २०१२ पासून ज्यांना हवं त्यांनी विषय सुरू करावा, प्राथमिक शाळांना तो २०१५ पासून आणि माध्यमिक शाळांना २०१६ पासून सक्तीचा होईल. तयारीसाठी प्रत्येक शाळेला ५,३०,००० हाँगकाँग डॉलरचं अनुदान. तीन वर्षांत विरोध आपोआप विरेल, असा हिशेब असणार. तो बहुधा बरोबरही ठरला असता.

तो चुकला एका चौतीस पानी पुस्तिकेमुळे. सरकारी पैशावर चालणाऱ्या एका राष्ट्रीय शिक्षण केंद्राने शिक्षकांसाठी 'चीनचं प्रारूप' या विषयावर पुस्तिका काढली आणि जुलै २०१२ च्या सुमाराला ती शाळाशाळांत पोचली. चीनमधला सत्ताधारी पक्ष पुरोगामी, निःस्वार्थी आणि एकजुटीचा आहे, तर अमेरिकेतल्या पक्षापक्षांच्या भांडणात सामान्य माणूस भरडला जातो, असा तिचा सूर. ही पुस्तिका म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, असं समर्थक सांगत राहिले. तांत्रिकदृष्ट्या ते खरंही होतं. पण आतापर्यंत 'मूल्यं', 'ओळख', 'आपलेपणा' अशा गुळगुळीत शब्दांत दडलेल्या गोष्टीचा चेहरा पालकांना पहिल्यांदा दिसला. त्यात नागरिक-शिक्षणाचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेचे प्रमुख चियांग युदुई यांनी भर घातली. कपडे मळले की धुतात तसं डोक्यात बिघाड असेल तर तेही धुतलं पाहिजे, असं ते बोलून गेले. मुलांची डोकी धुण्याचा आरोप विरोधक करतच होते. आता समर्थकाच्याच तोंडून त्याला होकार मिळाला.

पालक एकत्र आले. त्यांनी स्वतःचा गट काढला. शिक्षकांची सर्वांत मोठी संघटना आली, विद्यापीठांतले विद्यार्थी आले. २९ जुलैला, रविवारी, कडक उन्हात व्हिक्टोरिया पार्कपासून सरकारच्या मुख्यालयापर्यंत मोर्चा निघाला. आयोजकांच्या मते ९०,००० माणसं होती, पोलिसांच्या मते ३२,०००. कोणताही आकडा धरला तरी शाळेतल्या एका विषयासाठी एवढे लोक हे नवलच. लक्षात राहिल्या त्या बाबागाड्या. ज्यांची मुलं शाळेत जायला अजून तीन-चार वर्षं होती, असे आईबाप त्या ढकलत चालत होते. मुलं सक्तीच्या वर्षालाच पहिलीत पोचणार, हे त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं होतं.

सरकार हललं नाही. १ जुलैलाच सूत्रं हाती घेतलेले नवे मुख्य कार्यकारी लेउंग चुन-यिंग आणि शिक्षण सचिव एडी इंग यांनी एक समिती नेमली आणि तिच्यात या, बोला, असं आवाहन केलं. विषय मागे घ्यायचा की नाही, यावर मात्र ती समिती बोलणार नव्हती, म्हणून विरोधकांनी तिच्यात जायचं नाकारलं.

३० ऑगस्टला, शाळा उघडायला दोन-तीन दिवस असताना, स्कॉलरिझमच्या मुलांनी टामार भागातल्या सरकारी मुख्यालयासमोरच्या मोकळ्या आवारात तंबू ठोकले. त्या जागेला लोक पुढे 'नागरी चौक' म्हणू लागले. त्यांच्यातल्या तिघांनी, दोन मुलगे आणि एक मुलगी, उपोषण सुरू केलं. आयव्हन लाम त्यातलाच. मागणी एकच होती, विषय मागे घ्या. तिघांची प्रकृती बघता ते दोनेक दिवसांनी थांबले आणि त्यांच्या जागी दुसरे बसले. त्यांत विद्यापीठाचे विद्यार्थी होते, पालक होते, निवृत्त शिक्षकही होते. कोवळ्या मुलांनी अन्न सोडावं आणि केस पिकलेल्या माणसांनी पुढे येऊन त्यांना उठवून स्वतः त्या जागी बसावं, या दृश्याने शहरातले उदासीन लोकही हलले.

मग रोज संध्याकाळी चौक भरू लागला. शाळा सुरू झाल्यावर मुलं गणवेशातच यायची, दप्तरासकट. काहीजण तिथेच बसून गृहपाठ उरकत. लोक पाण्याच्या बाटल्या, खाणं, चटया आणून देत. विरोधाची खूण म्हणून छातीसमोर दोन्ही हातांची फुली करायची आणि काळे कपडे घालायचे, असं ठरलं. व्यासपीठावर बहुतेक वेळ शाळकरी मुलंच बोलत आणि मोठी माणसं खाली बसून ऐकत. ही अदलाबदल माझ्या दृष्टीने या आंदोलनातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट. अभ्यासक्रम ठरवण्याच्या कामात मुलांना कुणी कधी विचारत नाही. तज्ज्ञ ठरवतात, पक्ष भांडतात, प्रकाशक छापतात, आणि मूल वर्गात बसून जे समोर येईल ते गिळतं. टामारच्या त्या आवारात दहा दिवस मूल बोलत होतं.

७ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, चौक पुरेना. माणसं आसपासच्या रस्त्यांवर, पुलांवर, बागेत पसरली. आयोजकांनी १,२०,००० चा आकडा दिला, पोलिसांनी ३६,००० चा. लेउंग यांनी व्लादिवोस्तोकला होणाऱ्या आशिया-पॅसिफिक देशांच्या परिषदेला जायचं रद्द केलं होतं. रविवारी, ९ सप्टेंबरला, शहराच्या विधिमंडळाची निवडणूक होती आणि सरकारच्या बाजूच्या उमेदवारांना मतदारांच्या दारात या विषयावर उत्तरं द्यावी लागत होती. शाळांचंही चित्र सरकारला अनुकूल नव्हतं. हाँगकाँगच्या बहुतेक शाळा सरकारी अनुदानावर चालत असल्या तरी त्या चालवतात चर्च आणि धर्मादाय संस्था. त्यातल्या अनेक मोठ्या संस्थांनी यंदा हा विषय सुरू करणार नाही असं कळवलं होतं. पाचशेहून अधिक प्राथमिक शाळांपैकी सप्टेंबरपासून तो शिकवायला तयार असलेल्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

८ सप्टेंबरच्या संध्याकाळी लेउंग यांनी जाहीर केलं की सक्तीची मुदत काढून टाकत आहोत, विषय शिकवायचा की नाही, कसा शिकवायचा, हे ज्या त्या शाळेने ठरवावं. विषय मागे घेतो असं ते म्हणाले नाहीत. त्या रात्री चौकात बराच वाद झाला. काहींना ही फसवणूक वाटत होती. सक्ती दारातून गेली तरी खिडकीतून येईल, म्हणून उठू नये असं ते म्हणत. पण उपोषण लांबलं होतं, मुलं दमली होती आणि मुख्य मागणीचा मोठा भाग पदरात पडला होता. ९ तारखेच्या पहाटे मुक्काम उठला. दोन दिवसांनी चायनीज युनिव्हर्सिटीत हजारो विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकून सरकारला आपण अजून जागे असल्याचं कळवलं. ८ ऑक्टोबरला सरकारने अभ्यासक्रमाचा आराखडाच बाजूला ठेवत असल्याचं सांगितलं.

हे कसं जमलं? धैर्य होतंच, पण दोन वर्षांनी २०१४ मध्ये त्याहून जास्त धैर्य दाखवूनही याच मुलांच्या पदरी काही पडलं नाही. मला यामागे मागणीचं माप दिसतं. २०१२ ची मागणी एका कागदाबद्दल होती. तो कागद मागे घेण्याचा अधिकार हाँगकाँगच्याच सरकारकडे होता, त्यासाठी बीजिंगची सत्तेवरची पकड सुटणार नव्हती. राजकारणाशी देणंघेणं नसलेल्या आईलाही आपल्या मुलाच्या दप्तरात काय जातं याची काळजी होती, म्हणून तिला मोर्च्यात यायला कोणताही झेंडा हातात घ्यावा लागला नाही. २०१४ मध्ये प्रश्न होता की शहराचा प्रमुख कुणी निवडायचा. सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी पुन्हा वर्गबहिष्कार केला. २६ तारखेच्या रात्री आता उंच कुंपण घातलेल्या त्याच नागरी चौकात ते चढून घुसले, जोशुआला अटक झाली, आणि त्यातून पेटलेलं छत्र्यांचं आंदोलन ७९ दिवस चाललं. मुख्य मागणीवर सरकार एक इंचही हललं नाही.

स्कॉलरिझमने मार्च २०१६ मध्ये आपलं काम थांबवलं. तिच्यातल्या काहींनी 'डेमोसिस्टो' नावाचा पक्ष काढला. ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी तो पक्षही विसर्जित झाला. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये, २०१९ च्या निदर्शनांच्या खटल्यात, जोशुआ वाँगला साडेतेरा महिने, अॅग्नेस चाऊला दहा आणि आयव्हन लामला सात महिने कैद झाली. नागरी चौकातून निघालेले तिघे एकाच दिवशी एकाच न्यायालयातून तुरुंगात गेले. अॅग्नेस २०२३ मध्ये शिकायला कॅनडाला गेली आणि परत येणार नसल्याचं तिने कळवलं. लोकशाहीवाद्यांच्या मोठ्या खटल्यात जोशुआला नोव्हेंबर २०२४ मध्ये चार वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली आणि जून २०२५ मध्ये तुरुंगात असतानाच त्याच्यावर नवा आरोप ठेवला गेला.

शाळाही बदलल्या. माध्यमिकच्या वरच्या वर्गांत २००९ पासून 'लिबरल स्टडीज' हा सक्तीचा विषय होता. वर्तमानपत्रातली प्रकरणं घेऊन दोन्ही बाजू तपासायला शिकवणारा हा विषय मुलांना बंडखोर करतो, असा ठपका त्याच्यावर आला. सप्टेंबर २०२१ पासून त्याची जागा 'नागरिकत्व आणि सामाजिक विकास' या विषयाने घेतली. त्यात राष्ट्रीय सुरक्षा आली, देशाच्या प्रगतीचे धडे आले, मुख्य भूमीची अभ्यास-सहल आली. मसुद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या शिक्षक संघटनेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बरखास्त होत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२२ पासून प्रत्येक शाळेला शाळेच्या दिवशी रोज राष्ट्रध्वज चढवणं आणि आठवड्यातून एकदा त्याचा समारंभ करणं बंधनकारक झालं. यावेळी मसुद्यावर रस्त्याच्या कडेला टेबल टाकून बसणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हणून २०१२ चा विजय फुकट गेला, असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्यासाठी मी एका साध्या हिशेबाकडे बोट दाखवतो. सप्टेंबर २०१२ मध्ये हाँगकाँगमध्ये पहिलीत बसलेलं मूल घ्या. सरकारच्या मूळ वेळापत्रकाप्रमाणे राष्ट्रीय शिक्षणाचा सक्तीचा तास त्याच्या वाट्याला २०१५ मध्ये, चौथीत आला असता. प्रत्यक्षात नागरिकत्वाच्या नव्या विषयाची पहिली तुकडी २०२१ मध्ये माध्यमिकच्या चौथ्या इयत्तेत, म्हणजे आपल्या दहावीत बसली, आणि त्या तुकडीत हेच मूल होतं. मधली सहा वर्षं, चौथीपासून नववीपर्यंत, ते ध्वजाकडे बघून काय वाटलं ते वहीत न लिहिता शिकलं. त्याच्या आधीच्या इयत्तांतल्या मुलांनी अख्खी शाळा तशीच पुरी केली.